रात्री दोनला किती जण जागे?

आत्यासाठी वृद्धाश्रम बघताना शेवटी दोनच नावं उरली. एक शहराबाहेरचा, ६० खाटांचा. लिफ्ट, हिरवळ, आवारात गणपतीचं देऊळ. दुसरा जुन्या बंगल्यातला, १८ जणांचा. भिंतींना ओल, जेवायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या. पैशांत फारसा फरक नाही.

मोठ्या ठिकाणी मॅनेजर म्हणाले, "२५ चा स्टाफ आहे." स्वयंपाकी, माळी, ड्रायव्हर, वॉचमन वजा करायला लावले तेव्हा उरले १४. आठवड्याची सुट्टी धरली की रोज हजर १२, बारा-बारा तासांच्या पाळ्यांत दिवसा ८ आणि रात्री ४. बंगल्यात असे सांभाळणारे ७, रोज हजर ६: दिवसा ४, रात्री २.

आता हिशेब करा. मोठ्या आश्रमात माणशी दिवसाला देखभालीची १४४ मिनिटं येतात, बंगल्यात २४०. आपल्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्यागणिक निराधारांसाठी निदान १५० जणांचा आश्रम सांगितलाय, पण किती खाटांमागे किती माणसं, ते नाही. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ पासून माणशी रोज सरासरी २१५ मिनिटं ठरवून दिली आहेत, त्यांतली ४४ नोंदणीकृत नर्सची.

खरी परीक्षा रात्रीची. अंथरुणाला खिळलेल्याची दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर बेडसोर (पडून पडून होणाऱ्या जखमा) ठरलेले. दोघांनी मिळून, डायपर बघून, माणशी दहा मिनिटं तरी जातात. मोठ्याकडे असे २१ जण. दोन जोड्या लावल्या तरी एक फेरी पावणेदोन तासांची. पंधरा मिनिटांत पुढची सुरू. मधे कुणी बेल वाजवली तर? बंगल्यात असे ५, पन्नास मिनिटांत फेरी आटोपते.

पण बंगल्यात रात्री सिस्टर नाही. इन्शुलिन, ऑक्सिजन, लघवीची नळी असलं काही असेल तर डोळे झाकून मोठं ठिकाण घ्या. तिथल्या चौघांत एक सिस्टर असते. आत्याला तसलं काही नाही. ती काठी घेऊन चालते, फक्त विसरते, आणि रात्री तीनदा बाथरूमला उठते. शिवाय मोठ्याकडे बदलीला ब्युरोची माणसं येतात, आणि अनोळखी चेहरा दिसला की ती घाबरते.

दोन्हीकडे मी दिवाळीतलं हजेरीचं रजिस्टर मागितलं. (नेहमीच्या दिवसाचं मागून उपयोग नाही, ते सगळ्यांचंच चांगलं असतं.) मोठ्याकडे "मेलवर पाठवतो" म्हणाले, अजून आलेलं नाही. बंगल्यात ते खिळ्यालाच टांगलेलं होतं. भाऊबीजेच्या रात्री एकच सही. मी बोट ठेवलं तशी मालकीणबाई म्हणाल्या, "दुसरी गावाला गेली ती परतलीच नाही. मीच खाली झोपले त्या रात्री. पण झोप कसली!"

डिपॉझिट तिथंच भरलंय. पुढच्या भाऊबीजेला रात्री एक फेरी मारणार आहे, न सांगता.