आरबीएफ ६०० ब्रेक ऑईल: कोकणच्या दमट हवेत किती पुरतं?

शर्यतीच्या ट्रॅकवर बाइक नेणाऱ्यांच्या सामानाच्या यादीत मोटूल कंपनीचं आरबीएफ ६०० हमखास असतं, आणि त्याला कारण आहे. कोरडं असताना हे ब्रेक ऑईल ३१२ अंश सेल्सिअसला उकळतं. डॉट ही ब्रेक ऑईलची प्रतवारी; डॉट ४ च्या नियमात किमान २३० अंशांची अट आहे, डॉट ५.१ ला २६० ची. ट्रॅकवर एकाच वळणाआधी पुन्हा पुन्हा जोरात ब्रेक लागतो, तेव्हा हाच फरक कामाला येतो.

पण गाडी रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याकडे राहणारी असेल तर बाटलीवरचा दुसरा आकडा आधी वाचा. तो ओल्या ऑईलचा उत्कलनबिंदू. ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर ऑईल किती अंशांना उकळतं, ते हा आकडा सांगतो. आरबीएफ ६०० चा तो २०० च्या थोडाच वर आहे. म्हणजे पाणी पिऊन बसलेलं हे महागडं ऑईल ताज्या, साध्या डॉट ४ च्याही खाली येतं. साधं डॉट ४ ओलं झालं की १५५ पर्यंत घसरू शकतं, त्या मानाने हे बरंच बरं. तरी ३१२ चे पैसे मोजून २०० वर गाडी चालवण्यात अर्थ नाही.

पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली की दोन दिवसांत मिठाला पाणी सुटतं. ग्लायकॉल या रसायनापासून बनलेल्या अशा ब्रेक ऑईलचं तेच होतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही. रबरी पाइपातून, मास्टर सिलिंडरच्या (लिव्हरजवळच्या, ऑईलची टाकी असलेल्या पंपाच्या) झाकणाखालच्या रबरातून, सीलमधून ओल आत शिरत राहते. त्यासाठी गाडी चालवायलाही लागत नाही. गणपतीत फिरवून शिमग्यापर्यंत पडवीत उभी ठेवलेली गाडी याच कारणाने फसवते: किलोमीटर चढत नाहीत, ऑईल मात्र जुनं होतं. डॉट ४ साठी सर्वसाधारणपणे दोन वर्षांचा हिशेब सांगतात. किनाऱ्यावर तो एका वर्षावर आणा. आरबीएफ ६०० भरून ट्रॅकवर जाणार असाल तर एक पावसाळा उलटला की बदलाच, आणि ट्रॅक डेच्या आदल्या आठवड्यात लिव्हर जरा जरी मऊ वाटला तरी पुन्हा.

ऑईल उकळतं म्हणजे काय होतं, हे घाट उतरणाऱ्याला चांगलं कळतं. आंबा घाटातून मागे माणूस आणि दोन बॅगा घेऊन उतरताना पुष्कळांचा पाय मागच्या ब्रेकवरून सुटत नाही. पॅड तापतात, पॅडमागचा पिस्टन तापतो, त्याला टेकलेलं ऑईल तापतं. गंमत अशी की ब्रेक बऱ्याचदा घाटात जात नाही, साखरप्याला चहाला थांबल्यावर जातो. गाडी उभी राहिली की डिस्कला वारा लागत नाही, साठलेली उष्णता कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात) चढते आणि तिथल्या ऑईलचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ऑईल दाबलं जात नाही. म्हणून चहा पिऊन निघताना पेडल थेट खाली जातं. आंबोली उतरून दाणोलीला थांबणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. इंजिन ब्रेकिंगवर, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा आणि थांबण्याआधी एक-दोन किलोमीटर ब्रेकला हात न लावता चाला. ट्रॅकवर शेवटची फेरी सावकाश मारतात ती याचसाठी.

आता खरी अडचण बाटलीची. ती ५०० मिलीची येते. एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा) नसलेल्या गाडीचं पुढचं-मागचं सगळं ऑईल नीट बदलायला साधारण २०० मिली लागतं, एबीएस असेल तर २५० धरा. उरलेली अर्धी बाटली झाकण घट्ट लावून ठेवली तरी आतली हवा दमटच राहते. ती बाटली पुढच्या वर्षी वापरू नका, क्लचच्या हायड्रॉलिकमध्येही ओतू नका. सोपा उपाय म्हणजे दोन गाड्या एकाच दिवशी करायच्या. दोघांत खर्चही वाटला जातो. दुकानातून घेताना झाकणाखालचं सील शाबूत आहे ना ते पाहा, आणि मेकॅनिककडच्या फोडलेल्या डब्यातलं, कितीही चांगल्या कंपनीचं असलं, तरी घेऊ नका.

आगोटीच्या घाईत, मे महिन्यात, हे काम उरकायची सवय आहे. ती बदलावी. मे मध्ये भरलेलं ऑईल पुढचे चार महिने ओल पीत बसतं आणि ट्रॅकचा हंगाम येतो तेव्हा ताजं राहिलेलं नसतं. ऑक्टोबरमध्ये, ऊन पडलेल्या कोरड्या दुपारी बदला. कोईमतूरच्या कारी स्पीडवेवर जायचं तर कोकणातून हजार किलोमीटरचा पल्ला आहे. तिथे पोचून ब्रेकचं काम काढण्यापेक्षा घरी करून दोनशे किलोमीटर चालवून पाहिलेलं केव्हाही चांगलं.

काम अवघड नाही, पण इथल्या गाडीवर पहिला अडथळा मास्टर सिलिंडरच्या झाकणाचे स्क्रू. खाऱ्या वाऱ्याने स्क्रूच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी जमलेली दिसते. ॲल्युमिनियमला लागलेला तो गंज असतो. साध्या स्टार स्क्रूड्रायव्हरने जोर केला की डोकं गुळगुळीत होतं आणि मग ड्रिल मारावं लागतं. आधी ब्रशने भुकटी काढा, भेदक तेलाचा एक थेंब सोडून दहा मिनिटं थांबा, नीट बसणारा जेआयएस (जपानी मापाचा) स्क्रूड्रायव्हर लावून मागून हलका ठोका द्या, मग फिरवा. बदलून स्टेनलेसचे स्क्रू लावायचे तर आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावा. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम खाऱ्या ओलीत एकत्र आले की ॲल्युमिनियम आणखी लवकर गंजतं.

पेट्रोलची टाकी आणि फेअरिंग (बाहेरचं रंगवलेलं आवरण) ओल्या फडक्याने झाका, हे ऑईल रंग उचलतं. सांडलंच तर पुसू नका, लगेच पाण्याने धुवा. मास्टर सिलिंडरच्या टाकीतलं जुनं ऑईल सिरिंजने ओढून घ्या, तळाचा काळा गाळ पुसा, नवं भरा. कॅलिपरच्या निपलवर (ऑईल बाहेर काढायच्या छोट्या स्क्रूवर) आधी रिंग पाना चढवा (बहुतेक गाड्यांवर ८ मिमी), मग पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत थोड्या ऑईलमध्ये बुडवलेलं. लिव्हर सावकाश दाबून धरा, निपल पाव फेरी उघडा, ऑईल निघालं की बंद करा, मगच लिव्हर सोडा. क्रम चुकला की हवा आत जाते. दर पाच-सहा वेळा दाबल्यावर टाकी भरा. ऑईलची पातळी खालच्या खुणेखाली गेली की सगळं पहिल्यापासून. नळीत स्वच्छ मधाळ रंग येऊन बुडबुडे थांबेपर्यंत चालू ठेवा. निपल घट्ट करताना मनगटाचा जोर पुरे, आत पोकळ असतो, तुटतो. निपलवरची रबरी टोपी हरवलेली असेल तर नवी लावा. टोपी नसलेला निपल इथे दोन पावसाळ्यांत अडकतो.

एबीएस असेल तर रिकाम्या रस्त्यावर मागचा एबीएस तीन-चार वेळा चालू होईल असा ब्रेक लावा आणि पुन्हा थोडं ऑईल काढा, कारण मॉड्युलेटरमध्ये (एबीएसच्या दाब कमी-जास्त करणाऱ्या भागात) जुनं अडकून राहतं. काही गाड्यांना यासाठी सर्व्हिस सेंटरचं मशीनच लागतं.

आरबीएफ ६०० काय करत नाही, तेही सांगायला हवं. थंड ब्रेकवर लिव्हर त्याने कडक होत नाही. ताजं डॉट ४ आणि हे, बाजारातून नारळ आणायला जाताना दोन्ही सारखेच वाटतील. लिव्हर मऊ असेल तर हवा, फुगलेला जुना पाइप किंवा अडकलेला कॅलिपर पाहा. समुद्राकाठच्या गाडीत पिस्टनच्या बाहेरच्या कडेला मीठ आणि लाल मातीचा थर बसतो. नवे पॅड घालताना तो तसाच आत ढकलला की सील फाटतं. आधी टूथब्रश आणि साबणाच्या पाण्याने पिस्टन पुसा, खड्डे पडले असतील तर बदला, सरकत्या पिनांना रबर ग्रीस लावा. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं. फक्त कॉलेज, बाजार आणि अधूनमधून घाट असा वापर असणाऱ्याने साधं डॉट ४ दरवर्षी बदलावं. उरलेल्या पैशात स्टीलच्या विणीचे ब्रेक पाइप येतात का पाहावं. घाटात त्यांचा फरक हाताला कळतो.

सिलिकॉनचं डॉट ५ यात कधी मिसळू नका, नावातला आकडा ५.१ च्या जवळ असला तरी ते वेगळं रसायन आहे. काढलेलं ऑईल पऱ्यात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नका, बाटलीत भरून गॅरेजच्या जुन्या ऑईलच्या पिंपाकडे द्या. आणि ऑईल बदलल्याची तारीख मास्टर सिलिंडरच्या झाकणावर चिकटपट्टीवर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या दसऱ्याला गाडी धुताना ती समोर दिसेल.