थंडीत क्लायंटला काय सुचवावं: खोबरेल, व्हॅसलिन, ग्लिसरीन की क्रीम?

नोव्हेंबर संपत आला की थ्रेडिंगसाठी बसलेली बाई आरशातून माझ्याकडे बघत विचारतेच, "ताई, अंगाला काय लावू? सगळं तडतडतंय." नाशिकची थंडी बोचरी. निफाडकडून भल्या सकाळी दुचाकीवर येणाऱ्या बायकांचे गाल आणि हातांची बोटं तर बघवत नाहीत. सुरुवातीला मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, काउंटरवर असेल ती लोशनची बाटली. काहींना गुण यायचा, काही जणी आठवड्याने परत यायच्या आणि खाज तशीच असायची. सरसकट एक बाटली देण्यातली चूक कळायला मला दोन हिवाळे लागले.

तुमचंही छोटं पार्लर असेल आणि यंदा क्लायंटला काय सांगायचं, काय विकायला ठेवायचं हे ठरवत असाल, तर ही तुलना उपयोगी पडेल.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर अगदी पातळ असतो. त्यातल्या पेशींच्या मधल्या जागेत नैसर्गिक स्निग्धांश असतो, तो पाणी अडवून धरतो. हिवाळ्यात हवा कोरडी होते, आपण कढत पाणी अंगावर घेतो, वरून साबण. या तिन्हींनी तो स्निग्धांश झिजतो आणि पाणी उडून जातं. बाजारातली प्रत्येक वस्तू यावर तीनपैकी एक काम करते: पाणी ओढून धरते, फटी बुजवते किंवा वरून झाकण घालते. कुठली वस्तू यातलं काय करते हे लक्षात आलं की निवड सोपी होते.

खोबरेल आणि व्हॅसलिन

हा वाद घरोघरी आहे. सासूबाई खोबरेलाच्या बाजूने, सून डबीच्या.

झाकण घालण्यात व्हॅसलिनच्या, म्हणजे पेट्रोलियम जेलीच्या, जवळपासही कुठलं तेल येत नाही. अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो यांनी 1872 साली तिचं पेटंट घेतलं, आणि आजही त्वचेतून उडणारं पाणी अडवायला तिच्याइतकी स्वस्त आणि खात्रीची वस्तू मला माहीत नाही. वास नसलेली घेतली तर ॲलर्जीची भीतीही फार कमी. पण ती स्वतः पाण्याचा थेंबही देत नाही. कोरड्या ठाक पायावर दुपारी लावली तर झाकण बसतं ते रिकाम्या पातेल्यावर. आंघोळीनंतर अंग टिपून, अजून ओलसर असताना लावली तरच तिचं खरं काम दिसतं. चिकटपणा हा तिचा मोठा दोष. साडीला, चादरीला लागते, म्हणून बायका दोन दिवस लावतात आणि सोडून देतात.

खोबरेल झाकण कमी घालतं, पण फटी बुजवतं, त्वचा मऊ करतं, आणि बाई ते रोज लावते. रोज लावलेलं साधं तेल हे कपाटात पडून राहिलेल्या महागड्या क्रीमपेक्षा मला केव्हाही जास्त पटतं. 2004 साली फिलिपिन्समधल्या संशोधकांनी कोरड्या त्वचेच्या रुग्णांवर खोबरेल आणि मिनरल ऑइल (पेट्रोलियमपासून काढलेलं खनिज तेल) यांची तुलना केली होती. दोन्ही सारखीच उपयोगी ठरली. खोबरेल 24 अंशांच्या आसपास थिजतं, त्यामुळे बाटली गरम पाण्यात ठेवावी लागते. थेट गॅसवर ठेवू नका, असं क्लायंटला आवर्जून सांगा.

तर मग कोणाला काय? हातपाय, पाठ, पोट यांना खोबरेल पुरतं. ओठ, नाकाच्या कडा आणि बोटांची पेरं इथे मात्र व्हॅसलिनच. चेहऱ्यावर मुरुम येणाऱ्या मुलीला खोबरेल देऊ नका, छिद्रं बुजून मुरुम वाढतात.

दुसऱ्या तेलांबद्दल थोडं. ऑलिव्ह ऑइल महाग म्हणून चांगलं असा समज आहे. प्रत्यक्षात त्यात ओलेइक आम्ल भरपूर असतं आणि ते वरचा थर सैल करतं, असं प्रयोगांत दिसलंय. लहान बाळाच्या मालिशीसाठी मी ते सुचवत नाही, मोहरीचंही नाही. स्वयंपाकघरातलं साधं सूर्यफुलाचं तेल यांच्यापेक्षा बरं.

एक प्रश्न दिवाळीपासून सुरू होतो: तेल आंघोळीआधी की नंतर? अभ्यंगात आपण आधी लावतो, आणि त्यात शहाणपण आहे, कारण साबणाचा मारा तेल थोडा अडवतं. पण नंतर उटणं घासलं की बरंचसं तेल निघून जातं. म्हणून ज्यांचं अंग फारच कोरडं आहे त्यांनी उटणं हलक्या हाताने लावावं आणि नंतर पुन्हा काहीतरी ओल्या अंगावर लावावं.

ग्लिसरीन आणि क्रीम

ग्लिसरीन पाणी ओढून धरतं. किती कामाचं आहे हे बघायचं असेल तर कुठल्याही चांगल्या लोशनच्या बाटलीमागची यादी वाचा, पहिल्या चार-पाच नावांत ते सापडतंच. पण बाटलीतून थेट, पाणी न घालता चोळलं तर कोरड्या हवेत ते खालच्या थरातलंच पाणी वर ओढतं आणि चिकटही होतं. गुलाबपाणी घालून पातळ करायचं, ओल्या त्वचेवर लावायचं आणि वर थोडं तेल किंवा व्हॅसलिन. असं केलं तर स्वस्तात उत्तम.

लिंबू मात्र नको. ग्लिसरीन, गुलाबपाणी, लिंबू ही तिकडी आईकडून मुलीकडे आलेली आहे, आणि ती मोडायला मला सर्वात जास्त बोलावं लागतं. उललेल्या त्वचेवर लिंबू झोंबतं, आणि ते लावून उन्हात गेलं तर काळे डाग पडू शकतात. हिवाळ्यातलं ऊन कोवळं वाटलं तरी ते ऊनच.

क्रीममध्ये तिन्ही कामं एकत्र येतात आणि पैसे त्याचेच असतात. लोशन पातळ, त्यात पाणी जास्त. क्रीम घट्ट. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत लोशन पुरतं. नाशिक, नागपूरच्या थंडीत क्रीमच लागतं. ज्यांना लहानपणापासून इसब आहे किंवा ज्यांची त्वचा कशानेही चुरचुरते, त्यांनी बिनवासाचं, सिरॅमाइड (त्वचेत मुळात असतो तसाच स्निग्धांश) असलेलं क्रीम घ्यावं, असं मी सांगते. तिथे मी स्वस्त पर्याय सुचवत नाही. बाकीच्यांना घरच्या वस्तूंतून भागतं, आणि ते मी मोकळेपणाने सांगते. एका डबीची विक्री गेली तरी ती बाई पुढच्या महिन्यात परत येते.

टाचा

इथे तुलना आहे कोकम तेल आणि युरिया क्रीम यांची. कोकणातल्या घरांत कोकमाच्या बियांचं तूप मुठीत वळून त्याचे गोळे ठेवतात. किंचित गरम करून रात्री भेगांत भरायचं. भेगा नुकत्या पडायला लागल्या असतील तर याच्याइतकं सुख कशात नाही. झोंबत नाही, आणि अंगाच्या उष्णतेला मऊ होऊन आत बसतं.

पण टाचेची कातडी जाड, पिवळट, दगडासारखी झाली असेल तर कोकम वरवर राहतं. तिथे युरिया हवं. 10 टक्क्यांच्या आसपासचं युरिया ओलावा धरतं, 20 टक्क्यांपासून पुढचं जाड कातडी सैल करतं. पायाच्या नडग्यांना 10 टक्के, टाचांना 20 किंवा 25. रक्त दिसतंय अशा भेगेवर ते आग आग करतं, म्हणून आधी चार-पाच दिवस व्हॅसलिन आणि सुती मोजे, मग युरिया.

पेडिक्युअरमध्ये ब्लेडने टाच तासायचं मी पूर्ण बंद केलं आहे. कातडी पुन्हा जाडच येते. आणि क्लायंटला मधुमेह असेल तर साधी जखमही महागात पडते. पाय पाण्यात घालण्याआधी "शुगर आहे का?" हे विचाराच. असेल आणि भेग खोल असेल, तर तिला डॉक्टरकडे पाठवा.

गावाकडच्या क्लायंटसाठी अजून एक. पायांना जाड लेप लावून शेकोटीजवळ बसू नये. क्रीम मुरलेलं कापड लवकर पेट घेतं. रोज शेकत बसणाऱ्यांच्या नडग्यांवर जाळीसारखे तपकिरी डागही येतात. त्यावर ब्लीच मागितलं जातं, पण खरा उपाय शेकोटीपासून लांब सरकणं हाच.

साबण

वेष्टनावर टीएफएम, म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्धांशाचं प्रमाण, बघायला शिकवा. 76 टक्के किंवा जास्त म्हणजे ग्रेड 1 चा टॉयलेट सोप. "बेदिंग बार" लिहिलेली वडी वेगळ्या गटातली, तिच्यात टीएफएम कमी चालतं. तरी चांगला साबणही अल्कलीच, आणि आपली त्वचा किंचित आम्लधर्मी. म्हणून खाजऱ्या त्वचेला सौम्य सिंडेट बार (साबणासारखीच वडी, पण त्यात अल्कली साबण नसतो) जास्त मानवतो. तो परवडत नसेल तर साबण काखा, जांघा आणि पावलं एवढ्यालाच. पाणी कोमट, आंघोळ दहा मिनिटांत. निम्म्या क्लायंटची खाज एवढ्यानेच कमी झालेली मी पाहिली आहे.

कोंडा

डोक्यात पांढरं पडलं की पहिला सल्ला तेलाचा. डोकं नुसतं कोरडं असेल, बारीक भुकटी पडत असेल, तर धुण्याआधी तासभर तेल ठीक. पण पापुद्रे तेलकट, पिवळसर असतील, भुवया आणि नाकाच्या बाजूही लाल दिसत असतील, तर तिथे बुरशीचा हात आहे आणि ती तेलावर पोसते. अशा वेळी रात्रभर तेल म्हणजे तिला जेवण. 2 टक्के कीटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस तीन ते पाच मिनिटं तसाच ठेवून धुवायचा. बहुतेक जणी लावल्या लावल्या धुतात आणि गुण नाही म्हणतात.

खुर्चीतली कामं

लग्नसराई नेमकी थंडीत येते, आणि सगळ्यांना चमक हवी असते. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात एका होणाऱ्या नवरीला मी वाफ, दाणेदार स्क्रब आणि वर ब्लीच असं सगळं एकाच दिवशी केलं. गाल आधीच रखरखीत होते, ते मला दिसत होते. संध्याकाळपर्यंत तिचा चेहरा लालबुंद झाला, हळदीपर्यंत लाली उतरली नाही. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

आता पर्याय दोनच ठेवते. गाल ताणलेले, पापुद्रे सुटलेले असतील तर सौम्य क्लिन्झर, क्रीमने मसाज आणि ओला मास्क. स्क्रब, ब्लीच, जास्त वाफ नाही. त्वचा ठणठणीत असेल तर नेहमीचं फेशियल, पण लग्नाच्या किमान आठवडाभर आधी. तरुण मुली रात्री रेटिनॉल (अ जीवनसत्त्वापासूनचं क्रीम) लावत असतात, ते विचारल्याशिवाय चेहऱ्यावर वॅक्स करू नका, कातडी निघते.

डॉक्टरकडे कधी

केमिस्टकडून आणलेली गोरं करणारी किंवा खाजेवरची क्रीमची ट्यूब क्लायंट दाखवते तेव्हा ती हातात घेऊन वाचा. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. 2018 साली सरकारने त्वचेवर लावायच्या अनेक स्टेरॉइडना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत टाकलं, तरी ती सहज हाती लागतात. त्यांनी दोन दिवस छान वाटतं, मग गाल पातळ आणि लाल होतात, नायटा असेल तर पसरतो.

आणि कोरडेपणाची म्हणून खाज घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला दोन गोष्टी विचारा: खाज रात्री वाढते का, आणि घरात आणखी कोणी खाजवतंय का? दोन्हींना हो म्हणाली तर बोटांच्या बेचक्या बघा. तिथे बारीक पुरळ असेल तर ती खरूज असण्याची शक्यता मोठी. वॅक्सिंगची वेळ पुढे ढकला, खुर्चीवरचा टॉवेल गरम पाण्यात टाका आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन डॉक्टरकडे जायला सांगा. सगळ्यांना एकाच वेळी औषध लागतं.