आजोळासारखे घर, भाड्याने: राजापूर तालुक्यातील एक मुक्काम

‘आजोळी आल्यासारखे वाटेल’ अशी जाहिरात करणारी घरगुती निवासस्थाने कोकणात आता गावोगाव झाली आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी आजोळ म्हणजे भिंतीवर टांगलेले सूप आणि अंगणात रंगवून ठेवलेले बैलगाडीचे चाक, एवढेच असते. राजापूर तालुक्यात ज्या घरी आम्ही मे महिन्यात सहकुटुंब उतरलो, ते मात्र नांदते घर आहे. मालकांच्या वृद्ध आई तेथेच राहतात, गोठ्यात दुभती गाय आहे, आणि पाहुणे नसले तरी घराचा दिवस तसाच चालत असणार, हे पहिल्या सकाळीच लक्षात येते.

घर जांभ्याचे आहे. खाणीतून काढताना मऊ असणारा हा दगड हवेत टणक होत जातो. येथील चिरे हाताने तासलेले असल्यामुळे पडवीच्या गिलावा नसलेल्या भिंतीवर तासणीचे तिरके घाव अजून स्पष्ट दिसतात. छप्पर मंगळुरी कौलांचे असून माजघरावर दोन काचेची कौले बसवलेली आहेत. त्यांतून उतरणारा कवडसा दुपारभर सारवलेल्या जमिनीवरून सरकत देव्हाऱ्याकडे जातो. लांज्याजवळच्या माझ्या आजोळी आजी अशाच कवडशावरून चहाचे आधण ठेवायची आणि घड्याळ बंद पडले तरी तिचे काही अडत नसे.

या मुक्कामातील सर्वांत मोलाची गोष्ट जाहिरातीत कोठेच नाही. मागच्या अंधाऱ्या खोलीत हापूसची अढी घातलेली असते: खाली भाताचा पेंढा, त्यावर एकमेकांना न चेपता मांडलेले आंबे आणि वर पुन्हा पेंढा. मालकीणबाई रोज सकाळी अढी उलगडतात, देठाजवळचा भाग हलकेच दाबून आणि वास घेऊन तयार फळ वेगळे काढतात आणि डागी आंबा तत्काळ बाहेर टाकतात, कारण एक नासला की शेजारचेही जातात. मुलांनाही त्या हे काम करू देतात, एवढेच नव्हे तर चुकीचा आंबा काढला तर रागावतातही, आणि माझ्या मते पाहुण्यांच्या मुलांना असे रागावणे हाच या घराच्या अस्सलपणाचा पुरावा आहे. न्हाणीघरात चुलाण्यावर, झावळ्या जाळून तापवलेले पाणी मिळते आणि त्याला धुराचा वास असतो; तो सर्वांना आवडेलच असे नाही.

जेवणाबाबत मात्र तक्रार आहे. पहिल्या रात्री आमच्यापुढे पनीरची भाजी आली, कारण ‘शहरातल्या मंडळींना तेच लागते’ असा घरात समज आहे. स्पष्ट सांगितल्यावर कुळथाचे पिठले, फणसाची भाजी, आणि सकाळी मेतकूट, तूप घालून मऊ भात मिळाला. यातले पिठले तर पुन्हा मागून घेण्याजोगे होते. दुसरा दोष पाहुण्यांच्या खोल्यांचा: कौलांखाली प्लास्टिकचे खोटे छत ठोकल्याने वर पाहिले की एखाद्या दवाखान्यात निजल्यासारखे वाटते. वातानुकूलन हवे असणाऱ्यांसाठी ते केले आहे, हे समजण्यासारखे असले तरी एखादी खोली तरी मोकळी ठेवायला हवी होती. आम्ही गाद्या ओटीवर घातल्या. त्याला कोणी हरकत घेतली नाही.

न्याहारी आणि दोन वेळचे जेवण धरून माणशी १,८०० रुपये हा दर रास्त आहे. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर सुरू झाल्यापासून मुंबईहून येणाऱ्यांची एसटीतली रात्र वाचते, परंतु राजापूर रोड स्थानक गावापासून दूर असल्याने रिक्षा आधीच सांगून ठेवावी. अढी पाहायची असेल तर मेच्या मध्याच्या आसपास जावे आणि आरक्षण करतानाच जेवण घरच्यासारखेच हवे, असे निक्षून सांगावे.