एज ऑफ एम्पायर्स २ मधली गॅली : दिवाळीपासून वापरतोय, त्यावरून

एज ऑफ एम्पायर्स २ हा गाव वसवून लढायचा संगणकावरचा खेळ, आणि गॅली म्हणजे त्यातलं बाण मारणारं लढाऊ जहाज. मी खेळतो ती २००० साली आलेली ‘द कॉन्करर्स’वाली आवृत्ती. घरच्या जुन्या लॅपटॉपवर तीच धड चालते. त्यामुळं खालचे आकडे त्या आवृत्तीचे समजा. गाव यवतमाळ जिल्ह्यात, समुद्र इथून शेकडो किलोमीटर. तरी दिवाळीपासून आमच्याकडं पाण्याचे नकाशेच चालू आहेत, कारण अरेबिया हा जमिनीवरचा नकाशा खेळून खेळून सगळे कंटाळले होते. कापूस वेचणीच्या दिवसांत रात्री जेवणं झाली की दोन लॅपटॉप केबलनं जोडायचे, एकीकडं मी, दुसरीकडं चुलतभाऊ. लाइन गेली तर बॅटरी टिकेल तेवढा डाव.

गॅली फ्युडल युगात, म्हणजे खेळातल्या दुसऱ्या युगात, गोदीतून निघते. ९० लाकूड, ३० सोनं. १२० प्राण, ६ चा मारा, नकाशावरच्या ५ चौकोनांचा पल्ला. गोदीचे १५० लाकूड वेगळे. या आवृत्तीत फ्युडलमध्ये दुसरं लढाऊ जहाजच नाही, आगीचं जहाज त्यापुढच्या कॅसल युगात येतं. म्हणजे फ्युडलला पोचल्यापासून समोरचा कॅसलला जाईपर्यंत पाण्यावर फक्त गॅली. तिची सगळी किंमत या मधल्या वेळेत आहे.

आणि या वेळेत ती लढायला वापरू नका. गॅलीसमोर गॅली उभी केली की दोघांचं लाकूड पाण्यात जातं, हाती काही लागत नाही. तिचं खरं काम समोरच्याची मासेमारी बंद करणं. मासेमारी नाव ७५ लाकडाची, प्राण निम्मेच, आणि उलटून मारू शकत नाही. आयलंड्स या बेटांच्या नकाशावर सुरुवातीचं बरंचसं अन्न मासळीवरच येतं, आणि कॅसलला जायला ८०० अन्न लागतं. नावा बुडवल्या की तो तिथंच अडकतो. तीन-चार गॅल्या लवकर काढून सरळ मासळीच्या जागेवर नेल्या, तर नंतरच्या दहापेक्षा जास्त काम करतात. पहिल्यांदा असं केलं तेव्हा भाऊ पलीकडून ओरडला, “अबे, माह्या मासोळ्या काहून मारून राह्यला? लढ ना सरळ!” संगणकाविरुद्धही हे जमतं, फक्त तो पुन्हा पुन्हा नावा सोडत राहतो, म्हणून तिथून हलायचं नाही.

किनाऱ्यावर लाकूड तोडणारे गावकरीही पल्ल्यात येतात. पण बाण चालत्या माणसाला हमखास चुकतो. बॅलिस्टिक्स ही नेम सुधारणारी सुधारणा येईपर्यंत फार आशा ठेवू नका. एका जागी उभा असलेला मिळाला तरच मारा, नाहीतर घाबरवून कामावरून उठवला तरी पुष्कळ.

सगळ्यात जास्त वैताग देतो तो तिचा स्वभाव. आक्रमक पवित्र्यात सोडली की पळणाऱ्या नावेमागं जाऊन थेट टाउन सेंटरच्या किंवा टॉवरच्या खाली उभी राहते, आणि तुम्ही तिकडं गहू पेरत असता. टॉवरचा पल्ला ८, हिचा ५. काय होणार ते उघड आहे. जागा न सोडणारा पवित्रा लावा आणि गटाला कंट्रोल धरून एक नंबर द्या. फ्लेचिंग ही बाणांची सुधारणा मात्र लगेच घ्या, १०० अन्न आणि ५० सोन्यात मारा आणि पल्ला दोन्ही एकेकानं वाढतात, गॅलीलाही. जखमी जहाज किनाऱ्याला लावून गावकऱ्याकडून दुरुस्त होतं. नवीन बांधण्यापेक्षा ते स्वस्त पडतं, तरी आमच्यातला कुणी करत नाही.

कॅसलमध्ये २३० अन्न, १०० सोनं भरून वॉर गॅली केली की पाण्यावरच्या सगळ्या जुन्या गॅल्या एकदम बदलतात. म्हणून वाचलेली गॅली वाया जात नाही. पण त्याच युगात आगीची जहाजं येतात आणि जवळ भिडली की गॅलीला उभं राहू देत नाहीत. समोरच्यानं बायझंटाइन संस्कृती घेतली असेल तर विचारूच नका, त्यांची आग इतरांपेक्षा वेगानं चालते. तेव्हा मागं सरकत, लांबून मारत राहायचं. जमतं, पण बोटं दुखतात.

एक गोष्ट खटकते. खेळात वारा नाही. खरी गॅली वल्ह्यांवर चालायची, वारा पडला की मोठं शिडाचं जहाज जागीच आणि ही मोकळी. १६७९ मध्ये मुंबईजवळच्या खांदेरी बेटापाशी इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना चुकवून मराठ्यांच्या लहान होड्यांनी बेटावर रसद पोचवली, ती याच जोरावर. इथं मात्र सगळी जहाजं कुठल्याही दिशेला सारख्याच आरामात जातात. हलकं असण्याचा अर्धा फायदा बनवणाऱ्यांनीच काढून घेतलाय, असं मला वाटतं.

संस्कृती निवडताना व्हायकिंग घ्या. लढाऊ जहाजं २० टक्के स्वस्त, म्हणजे गॅली ७२ लाकूड आणि २४ सोन्यात. आगीचं जहाज त्यांना मिळत नाही, पण वर सांगितलेल्या पद्धतीनं खेळलात तर त्याची गरज उशिरा पडते. सारासेन या दुसऱ्या संस्कृतीच्या गॅल्या बाण भराभर सोडतात, त्या मला अजून नीट हाताळता आलेल्या नाहीत. भाऊ हल्ली त्याच घेतो आणि गेल्या काही डावांत माझ्याच मासळीवर येऊन बसतो.

डेफिनिटिव्ह एडिशन ही याच खेळाची नवी आवृत्ती खेळणाऱ्यांनी यातलं जपून घ्यावं. तिथं फ्युडलमध्येच फायर गॅली (आगीचं जहाज) आणि डेमोलिशन राफ्ट (स्फोट करणारा तराफा) मिळतात, त्यामुळं एकट्या गॅलीचं राज्य तिथं चालत नाही.