मागं उभा राहून तो म्हणाला, "लागला बघा!"

जुन्या जीपचं वायरिंग बदलायला टाकणार असाल, तर आधी हे वाचा. ब्रेक दाबणाऱ्याला स्वतःचा ब्रेक लाइट दिसत नाही. कोल्हापुरातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियननं एवढ्याच गोष्टीच्या जोरावर माझे साडेआठ हजार रुपये खाल्ले.

जीप वडिलांच्या वेळची, सीजे-३बी. वायरींची कव्हरं कडक होऊन तडकली होती, म्हणून अख्खा वायरिंग सेटच बदलायचं ठरलं. शुद्ध तांब्याचा ओरिजिनल सेट, नवा ब्रेक स्विच आणि मजुरी, सगळं मिळून भाव झाला. गाडी ताब्यात देताना अंधार पडला होता. त्यानं हेडलाइट लावून ठेवले, मला सीटवर बसवलं आणि स्वतः मागं जाऊन उभा राहिला. "दाबा दादा... लागला बघा! सोडा... गेला." मी मान वळवून पाहिलं, तर मागं लालभडक उजेड. पैसे दिले.

पुढं एका भर दुपारी कावळा नाक्यावर मागचा मोटारसायकलवाला बंपरला टेकता टेकता राहिला आणि खवळला, "ओ, थांबताय तर दिवा तरी लावा की!"

उद्यमनगरातल्या दुसऱ्या मिस्त्रीकडं गाडी नेली, तेव्हा सगळं उघडं पडलं. आणलेला सेट पेडलजवळ स्विच असणाऱ्या भलत्याच मॉडेलचा होता. माझ्या जीपचा स्विच मास्टर सिलिंडरवर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या भागावर बसतो आणि त्याच दाबानं चालतो. ब्रेकची वायर तिथवर पुरेना, म्हणून पठ्ठ्यानं ती कापून टेप गुंडाळली होती. स्विच जुनाच, मळकट, आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकही वायर नाही. बिलात मात्र 'नवा'!

खरी चलाखी मागच्या दिव्यात होती. त्यात दोन फिलामेंटचा बल्ब असतो, टेलसाठी (हेडलाइटसोबत मागं लागणारा मंद दिवा) ५ वॅट आणि ब्रेकसाठी २१ वॅट. त्यानं दोन्हींच्या वायरी एकत्र पिळल्या होत्या. त्यामुळं हेडलाइट लावले की २१ वॅटचं फिलामेंटही पेटायचं आणि पेटूनच राहायचं, ब्रेक दाबा नाहीतर सोडा. म्हणजे तो 'गेला' म्हणाला तेव्हा काहीच गेलं नव्हतं. दिवसा हेडलाइट बंद, म्हणजे मागं अंधारच. रात्री थोडा वेळ गाडी चालवली की टेल लॅम्पची काच चटका बसण्याइतकी तापायची. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला.

तांब्याचं म्हणाल तर मिस्त्रीनं वायरीची एक तार ब्लेडनं खरवडून दाखवली. वर तांब्याचा मुलामा, आत पांढरं ॲल्युमिनियम. दोनचारदा वाकवली की तुटत होती. आणि माझा जुना, अस्सल तांब्याचा सेट? पहिल्या इलेक्ट्रिशियनच्या म्हणण्यानं तो 'उंदरांनी खाल्ला होता, टाकून दिला.' टाकून दिला म्हणजे भंगारात किलोवर घातला, दुसरं काय.

तेव्हा गाडी ताब्यात घ्यायची ती दिवसाउजेडी आणि आधी हेडलाइट बंद करून. पेडल लाकडानं अडकवून ठेवा नाहीतर सोबतच्या माणसाला दाबायला सांगा, पण मागं स्वतः जा. अशा जीपचा ब्रेक लाइट चावी न लावताही लागतो. मग हेडलाइट लावून पुन्हा बघा. ब्रेक दाबल्यावर उजेड ठळक वाढला पाहिजे. शेवटी इंडिकेटरही सुरू करा. ब्रेकसोबत तो मंदावत असेल तर अर्थिंग कच्चं आहे. दिवा लागतच नसेल तर स्विचची दोन्ही टोकं तारेच्या तुकड्यानं जोडा. लागला तर स्विच गेलाय, नाही लागला तर फ्यूज, वायर आणि बल्ब तपासा.

बिलावर 'लाइट काम' एवढंच लिहून घेऊ नका. सेट कुठल्या मॉडेलचा आणि स्विच नवा की जुना, हे लिहून मागा. जुना सेट गाडीतच ठेवायला लावा, मिस्त्री कितीही हसू दे.

भांडायला गेलो तर तो पहिला इलेक्ट्रिशियन म्हणाला, "वायरिंगला गॅरंटी नसती, मालक." मी उघड्या जोडांचे फोटो दाखवून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करतो म्हटल्यावर स्विचचे पैसे मुकाट्यानं परत आले. बाकीच्या रकमेसाठी तक्रार केली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळं घाई नाही. नव्या मिस्त्रीनं ब्रेकला वेगळ्या फ्यूजवरून स्वतंत्र वायर ओढली आहे, जोड सोल्डर करून वर स्लीव्ह घातली आहे. ते तपासायला मी स्वतः मागं उभा होतो आणि पेडल त्याच्या पोऱ्यानं दाबलं.