पाच वेळा ‘का?’ की सॉक्रेटिसची उलटतपासणी?

शाळेत शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला प्रश्न पडला होता: मुलांना आणि स्वतःलाही प्रश्न विचारायची कुठली रीत धरावी?

पहिली रीत म्हणजे मूळ कारण सापडेपर्यंत पाच वेळा ‘का?’ विचारणं. टोयोटा या जपानी मोटार कंपनीतले अभियंते ताइइची ओनो यांचं उदाहरण घ्या. यंत्र बंद पडलं. का? भार वाढून फ्यूज उडाला. का? बेअरिंगला वंगण कमी. का? पंप पुरेसं तेल ओढेना. का? त्याचा दांडा झिजलेला. का? गाळणी नाही, धातूचा कीस आत शिरला. नुसता फ्यूज बदलून काय होणार होतं?

दुसरी रीत उलटतपासणीची: प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिस अथेन्सच्या सेनापतींनाच ‘धैर्य म्हणजे काय?’ विचारतो आणि त्यांच्याच उत्तरांतली विसंगती दाखवतो.

वेळ: पहिल्या रीतीला कागद आणि दहा मिनिटं पुरतात; दुसऱ्या रीतीला संध्याकाळ जाते, वर वाद घालणारं कुणी लागतं.

धोका: तिसऱ्या ‘का’लाच मूल सबबी शोधू लागतं. उलटतपासणीत तर अपमानच वाटतो (सॉक्रेटिसने शत्रू काही कमी जोडले नाहीत).

गृहपाठ सारखा राहतो, पगार पुरत नाही, अशा गोष्टींना ओनो. ‘यश म्हणजे काय?’ यावर नववी-दहावीच्या वर्गात सॉक्रेटिस. रडणाऱ्या मुलापुढे मात्र दोघेही नकोत.