खाडीतील कालवे आणि शिनाणे संवर्धनाचे प्रशिक्षण : एका बचत गटाचा अभिप्राय

पावसाळा सरल्यावर देवगड तालुक्यातील एका खाडीकाठी कालवे (ऑयस्टर) आणि शिनाणे (मसल) या शिंपल्यांच्या प्राण्यांच्या शाश्वत संवर्धनाचे निवासी प्रशिक्षण झाले. ते एका स्वयंसेवी संस्थेने भरवले होते आणि शिकवण्यासाठी मत्स्यशास्त्राचे तज्ज्ञ बोलावले होते. गावच्या महिला बचत गटाचा हिशेब माझ्याकडे असल्याने गटातील इतर जणींबरोबर मीही त्यात सहभागी झाले. शुल्क नाममात्र होते, राहण्याची सोय साधी पण स्वच्छ होती आणि जेवणाबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती; त्यामुळे येथे केवळ शिकवण्याविषयी लिहीत आहे.

या प्रशिक्षणाचा सर्वांत भक्कम भाग बीजाचा, म्हणजे वाढवण्यासाठी आणायच्या लहान पिल्लांचा, होता. कालवांना किंवा शिनाण्यांना खाद्य घालावे लागत नाही. पाणी गाळून त्यातील सूक्ष्म वनस्पतींवर ते वाढतात. म्हणून हा व्यवसाय निसर्गाला आपोआपच अनुकूल असतो, अशी समजूत घेऊन आम्ही गेलो होतो. पहिल्याच सत्रात तज्ज्ञांनी तिला धक्का दिला. शिनाण्यांचे बीज भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खडकांवरून खरवडून आणावे लागते आणि एकाच खडकावर गटामागून गट उतरले, तर खडक उघडा पडून पुढच्या वर्षी बीज धरण्याची शक्यता घटते. खडकाचा काही भाग न खरवडता राखावा, पंधरा ते पंचवीस मिलिमीटरचेच बीज घ्यावे आणि गावागावांनी खडक आलटून पालटून वापरावेत, हे त्यांनी खडकावर नेऊन दाखवले. आमच्या गटातील वयस्कर काकूंना कोणत्या खडकावर केव्हा काय मिळते याची तज्ज्ञांपेक्षा चांगली माहिती होती. तज्ज्ञांनी ते मोकळेपणाने मान्य केले आणि त्यांच्या सांगण्यावरून बीज गोळा करण्याची जागाही बदलली. शिकवणाऱ्याने असे करणे आमच्याकडे फारसे पाहायला मिळत नाही.

शिनाणे पाण्यात टांगलेल्या दोऱ्यांवर वाढवतात; दोरीवर बीज बसवण्याचे काम प्रत्येकीकडून करून घेतले गेले. एक मीटर दोरीभोवती साधारण एक ते दीड किलो बीज पसरून त्यावर सुती जाळी शिवायची असते; काही दिवसांत जाळी पाण्यात विरून जाते आणि तोपर्यंत शिनाणे आपल्या तंतूंनी दोरीला घट्ट धरतात. सुताऐवजी नायलॉनची जाळी वापरली तर ती विरत नाही, शिनाणे तिच्यात अडकून पडतात आणि प्लॅस्टिकचे तुकडे खाडीत राहतात, हे कारणासह समजावले. कालवांची पद्धत निराळी आहे. कालवांची रिकामी कवचे धुऊन, भोके पाडून दोरीत ओवायची आणि पाण्यातली कालवाची पिल्ले कवचांवर बसू लागण्याच्या सुमारास ती माळ टांगायची. माळ लवकर टांगली तर कवचांवर गाळ व शेवाळ बसते आणि कालवाच्या पिल्लांना जागाच उरत नाही. दोरीचे टोक मोठ्या ओहोटीलाही तळाला टेकू नये, कारण तेथून खेकडे वर चढतात आणि गाळात खालचे शिनाणे गुदमरतात. या बारकाव्यांसाठी भरपूर वेळ दिला गेला आणि तो सत्कारणी लागला.

दोऱ्या किती टांगाव्यात याविषयीची चर्चाही उपयुक्त ठरली. उत्तर केरळात कासरगोड जिल्ह्यातील पडन्ना आणि चेरुवत्तूर येथे महिलांच्या गटांनी शिनाण्यांची शेती मोठ्या प्रमाणावर वाढवली, हे उदाहरण आम्हाला उत्साह यावा म्हणून दिले होते; पण त्याच्या जोडीनेच दाटी वाढली की पाण्यातील अन्न वाटले जाते, वाढ खुंटते आणि मर वाढते, हेही स्पष्ट सांगितले. दोऱ्या टांगण्यासाठी बांबूच्या चौकटी उभ्या करताना कांदळवनाला हात लावायचा नाही, याबाबत तर कोणतीही सवलत नव्हती.

स्वच्छतेच्या सत्राबद्दल मात्र माझे मत संमिश्र आहे. शिंपल्यांचे प्राणी पाण्यातील चांगले-वाईट सारेच गाळून अंगात साठवतात, म्हणून काढणीनंतर ते किमान एक दिवस स्वच्छ, खेळत्या खाऱ्या पाण्यात ठेवावे लागतात. युरोपात थेट विक्रीसाठी १०० ग्रॅम मांसात ई. कोलाय जीवाणूंची मर्यादा २३० धरली जाते, हा आकडा फळ्यावर लिहिला गेला. १९९७ साली केरळात विझिंजम परिसरात विषारी शेवाळामुळे दूषित झालेले शिनाणे खाऊन सात जणांचा मृत्यू झाला, हेही सांगितले. असे विष उकळूनही जात नाही आणि स्वच्छ पाण्यात एक-दोन दिवस ठेवण्याच्या भरवशावरही राहता येत नाही, ही माहिती आम्हा सर्वांनाच नवी होती. इतके गंभीर सांगून झाल्यावर प्रत्यक्ष टाकी, पंप किंवा गाळणी काहीच दाखवले नाही. एका चित्रावर भागवले. पाण्याचा नमुना कोठे तपासायचा, त्याला खर्च किती येतो आणि निकाल वाईट आला तर माल विकायचा की नाही, या प्रश्नांना नेमकी उत्तरे मिळाली नाहीत. ज्या खाडीच्या वरच्या अंगाला कारखाने किंवा मोठ्या वस्तीचे सांडपाणी आहे, तेथील गटांसाठी ही उणीव किरकोळ नाही.

दुसरी तक्रार वेळापत्रकाची. सगळी सत्रे घड्याळावर बेतलेली होती, ओहोटीवर नाही. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत ओहोटी फारशी उतरत नाही, हे किनाऱ्यावरच्या लहान मुलालाही ठाऊक असते. तरीही खडकावरचे एक प्रात्यक्षिक नेमके तेव्हाच ठेवले होते आणि कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून बीज पाहण्याऐवजी आम्ही लाटा पाहिल्या. पुढच्या वेळी तारखा पंचांग पाहून ठरवाव्यात, असे आम्ही लेखी कळवले आहे.

सर्वांत निराशा झाली ती हिशेबाच्या सत्रात. चांगल्या परिस्थितीत एक मीटर दोरीवर पाच-सहा महिन्यांत दहा ते बारा किलो शिनाणे मिळू शकतात; त्या आकड्याला बाजारभावाने गुणून नफा काढून दाखवला. मर, तुटलेल्या दोऱ्या, समुद्री किड्यांनी पोखरलेले बांबू, होडीचे भाडे आणि बायकांची मजुरी यांपैकी काहीही त्या कोष्टकात नव्हते. कालवांत तर कवचासकट वजनाच्या साधारण दशांशाइतकेच मांस निघते, हे जेवताना गप्पांच्या ओघात कळले. ते कोष्टकातच असायला हवे होते. पहिला मोठा पाऊस पडला की खाडीचा खारेपणा झपाट्याने उतरतो आणि शिनाणे मरू लागतात, त्यामुळे मे संपण्यापूर्वी सारा माल काढावा लागतो. म्हणजे सगळे गट एकाच वेळी बाजारात येणार आणि भाव पडणार. या प्रश्नाकडे कोणी वळलेच नाही.

सरकारी मदतीची माहिती पुरेशी होती. २०१७ पासून कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेतून गटांना मिळणारे अर्थसाहाय्य, अर्जाची पद्धत आणि लागणारी कागदपत्रे नीट समजावली. सोबतची मराठी पुस्तिका वाचनीय आहे आणि चित्रेही उपयोगी आहेत; मात्र खारेपणा मोजण्याच्या रिफ्रॅक्टोमीटरचे प्रकरण इंग्रजीतून शब्दशः उतरवल्यासारखे आहे आणि ते कोणालाच कळले नाही. ते उपकरण प्रत्यक्ष हाताळायला मिळाले, म्हणून निभावले.

ज्या गटाने अजून पाण्यात एकही बांबू रोवलेला नाही, त्याने हे प्रशिक्षण अवश्य घ्यावे. ज्यांची शेती आधीच चालू आहे, त्यांना बीज आणि दाटी यांवरील सत्रांपलीकडे फारसे नवीन मिळणार नाही. नोंदणी करताना पाणी तपासणीची सोय आणि प्रात्यक्षिकाच्या दिवसांची ओहोटीची वेळ लेखी मागून घ्यावी. पुढील तुकडी जानेवारीअखेरीस घेण्याचा आयोजकांचा विचार आहे; तोपर्यंत शिनाण्यांचे बीज दोरीवर बसवण्याचा काळ सरलेला असतो आणि मेपूर्वी विक्रीजोगे आकारमान गाठणे अवघड होते, त्यामुळे केवळ शिनाण्यांसाठी जाणाऱ्या गटांनी पावसाळ्यानंतरच्या तुकडीची वाट पाहावी.